झोपाळ्याच्या कडीला शिंजिराचं घरटं: किती दिवस थांबायचं?

बाबाजीपुरकर

नमस्कार मंडळी. बडोद्यात बाबाजीपुऱ्यात आमचं जुनं घर आहे. पुढे ओसरी आणि ओसरीत शिसवी पाटाचा झोपाळा. जेवणानंतर आणि चारच्या चहाला तो माझा. पेपरातलं शब्दकोडं मी त्यावरच सोडवतो. खुर्चीत बसलं की आडवे शब्द सुटतात, उभे अडतात. कुणी हसू नये.

भाचीच्या लग्नाला घर बंद करून सगळेच पुण्याला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर डाव्या बाजूच्या वरच्या कडीला काहीतरी लोंबतंय. सुकी पानं, सालीचे तुकडे, गवत, कोळ्याची जाळी. मला जळमटच वाटलं. कामाच्या बाई झाडू वर करणार, एवढ्यात आमच्या आईनं आतून आरोळी ठोकली. आईचं वय ८७, ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. मग सौ. दुर्बीण घेऊन आली आणि निकाल लागला: जांभळा शिंजीर. शेजारच्या बेन त्याला शक्करखोरो म्हणतात.

पिवळसर पोटाची मादी एकटीच राबते. काळानिळा, चकाकणारा नर समोरच्या तारेवर बसून गातो, आणि ती कुठे गेली की मागोमाग जातो. यावर सौ. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून झोपाळा बंद. पाट दोरीनं खांबाला बांधून टाकलाय. ओसरीतला पंखाही बंद, आणि तोही बडोद्याच्या एप्रिलात! घरात मतदान झालं, दोन विरुद्ध एक. सौ.चा हा छंद जुना आहे. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर तिची फेरी ठरलेली. सयाजीरावांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, तेव्हा तिनं घरात पेढे वाटले होते. मी सोबत जातो, पण गाडीत बसतो.

तर, हे प्रकरण किती दिवस चालेल? अक्षय्य तृतीयेला पाहुणे आहेत. कडी हुकातून निघते, मी पाहून ठेवलंय. ती घरट्यासकट काढून अंगणातल्या शेवग्याला अडकवली तर चालेल का? आणि हा नर रोज सकाळी माझ्या अॅक्टिव्हाच्या आरशावर चोच मारत बसतो, त्याचं काय करायचं?

कारेलीबागची माई

काका, शेवग्याचा विचार सोडा. घरटं दोन-चार फूट हलवलं तरी मादी पुष्कळदा ते टाकून देते, आणि आत अंडी असली तर ती गेलीच. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं शिकारीच्याच व्याख्येत बसवलंय. म्हणजे आजींची आरोळी कायद्याला धरूनच होती.

दिवसांचा हिशेब मादीच्या चोचीवरून करा. चोचीत जाळं, गवत, साल असेल तर बांधकाम चालू आहे. पांढरा मऊ कापूस नेऊ लागली की आतलं अस्तर चाललंय, अंडी जवळ आली. सावरीची बोंडं फुटली की त्यांना हा कापूस आयता मिळतो. त्यानंतर ती दिसेनाशी होते. दुर्बिणीतून नीट पाहिलंत तर बाजूच्या भोकातून नुसती चोच दिसेल. अंडी बहुधा दोन. उबवणं तिचं एकटीचं, साधारण पंधरवडा. मग चोचीत किडे आणि कोळी दिसू लागले की पिल्लं निघाली. ती उडायला आणखी दोनेक आठवडे. आता कापूस चालू असेल तर महिना-सव्वा महिना धरून चाला. अक्षय्य तृतीया त्यातच येणार.

पिल्लांना भरवायला नरही येतो, एवढं सौ.ना जरूर सांगा. तुमच्या पक्षाला तेवढाच आधार.

अगाशीवाला

आरशाचं सोपं आहे. विणीच्या दिवसांत नराला आरशात दुसरा नर दिसतो आणि तो हद्दीसाठी भांडतो. गाडी लावली की दोन्ही आरशांवर जुने पायमोजे चढवा. नुसती गाडी हलवून उपयोग नाही, तो शोधत येतो. माझ्याकडे दयाळ पक्षी खिडकीच्या काचेशी असाच भांडायचा. बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं तेव्हा थांबला.

आणखी दोन गोष्टी. पाहुणे येणार म्हणून ओसरीच्या कोपऱ्यातली कोळिष्टकं झाडायची घाई करू नका. मादीचा चुना-सिमेंट तोच आहे, आणि पिल्लांचं जेवणही त्यातलंच. दुसरं म्हणजे उत्तरायणातल्या पतंगांचा दोरा. घरट्यात तो विणला गेला असेल तर आता ओढू नका, सगळं उसवेल. पण शेवग्यावर, अगाशीवर जानेवारीपासून अडकलेले मांज्याचे गुंते असतील ते आजच उतरवा. पिल्लाच्या पायाला दोरा गुंडाळला गेला की ते उडताना तिथेच लटकतं. उत्तरायणाच्या दोन दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी सगळे धावतात, सरकारचं करुणा अभियानही असतं. नंतर झाडावरच्या दोऱ्याकडे कुणी वर मान करून बघत नाही.

मांजलपूर

मला हे जरा जास्तच वाटतंय. आमच्या गॅलरीत टांगलेल्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलं, खालून आमची ये-जा, पोरांचा दंगा, कुकरच्या शिट्ट्या, सगळं चालू होतं. पिल्लं व्यवस्थित उडाली. काका, झोपाळा नका हलवू, पण म्हणून ओसरीच सोडून देण्यात अर्थ नाही.

कारेलीबागची माई

बुलबुलानं तुमचा दंगा ऐकूनच जागा निवडली. काकांच्या इथे घर बंद असताना बांधलंय, हा फरक आहे. तिच्या हिशेबी ओसरी रिकामी होती आणि ही माणसं मागाहून आली. म्हणून आधी लांब, मग थोडं जवळ, रोज त्याच वेळेला त्याच जागी बसा. ती आत शिरायचं टाळून तारेवरच चिवचिवत राहिली तर मागे सरका. फ्लॅश मारून फोटो नकोत, भोकात डोकावणं नको. माणसाच्या पाठोपाठ कावळा आणि मांजर नेमकं तिथेच बघायला लागतात. ओसरीत येणारी मांजर असेल तर पाट आडवा ठेवू नका, तिला तेवढी पायरी पुरते.

छताचा पंखा मात्र बंदच हवा. त्याबाबतीत मतदान योग्य झालं.

बाबाजीपुरकर

सर्वांचे आभार. कापूस परवापासून चालू आहे, आईनं वहीत लिहून ठेवलंय. तिनं वही घातली आहे हे मला आजच कळलं. त्यात वेळा आहेत, ‘कावळा आला, हाकलला’ अशा नोंदी आहेत, आणि दोन ठिकाणी ‘बाळू मध्ये आला’ असंही आहे. बाळू म्हणजे मी.

आरशांना मोजे घातले. नर थोडा वेळ मोज्यांवरच बसून ओरडला, मग गेला. मांजर येते, पाट उभा केलाय. शेवग्यावरून एवढा मांजा निघाला की एक फिरकी भरली असती. कात्रीनं बारीक तुकडे करून टाकला. पाहुण्यांना मागच्या दारानं आत घ्यायचं ठरलंय. वहिनी रागावतील, पण त्या तशाही रागावतातच.

मी आता खांबाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसतो. तिला चालतंय. मला उकडतंय. आवाज न करणारा टेबलफॅन कुठला, हे कुणी सांगेल का?

मांजलपूर

नवा कशाला घेता? आमचा पडून आहे, घेऊन जा. फक्त येताना सौ.ना आणि दुर्बिणीला बरोबर आणा. अंजिराच्या दोन पानांना कुणीतरी टाके घातलेत, ते शिंपी पक्ष्याचंच काम आहे का एवढं सांगून जातील.