कागदकामातील उरलेले तुकडे कसे जपावेत?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): शुभेच्छापत्रे करताना उरलेले कार्डशीट, घोटीव आणि पतंगी कागदाचे तुकडे टाकून देववत नाहीत, परंतु सारे एकाच खोक्यात साठवल्याने हवा तो तुकडा वेळेवर सापडत नाही. मांडणी कशी करावी?

उत्तर १: रंगाआधी जाडी पाहावी, कारण जाड कागद पायासाठी आणि घडीसाठी, तर पातळ कागद चिकटचित्रांसाठी उपयोगी पडतो. लहान तुकडे पारदर्शक पाकिटांत उभे ठेवावेत. लांब कडांच्या ३ किंवा ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या क्विलिंगला, म्हणजे पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीकामाला, चालतात. त्या लगेच कापून ठेवाव्यात, नंतर कंटाळा येतो.

उत्तर २: आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्यात कागदाचे तंतू ओलावा शोषून फुगतात आणि तुकडे वळतात, म्हणून पाकिटे पुठ्ठ्यांमध्ये दाबून ठेवावीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलांचे लाकडी नंदी सजवताना झूल आणि तोरणासाठी निम्मा साठा सहज संपतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. अगदी बारीक चुऱ्याचे काय करावे?

उत्तर १: तो भिजवून, वाटून, चाळणीवर पसरल्यास हातकागद तयार होतो, मात्र चमकीचा किंवा प्लास्टिकचा थर असलेला कागद त्यात मिसळू नये, कारण तो थर पाण्यात विरघळत नाही.