प्रतिसाद: दांडेली झालं, आता कारवार?

वर विचारलंय की दांडेलीला राफ्टिंग केलेल्याला कारवारात त्याच काळी नदीत कायाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) चालवायला वेगळं काय शिकावं लागतं. सगळंच वेगळं आहे ओ! दांडेलीत धरणातून सोडलेलं पाणी एकाच दिशेने जातं. कारवारला नदीच्या मुखाजवळ, सदाशिवगड किल्ल्याखाली, ते भरती-ओहोटीमुळे साधारण सहा-सहा तासांनी दिशा बदलतं. भरतीबरोबर आत शिरायचं, ओहोटी लागली की परतायचं, हात भरून येत नाहीत.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात ते जवळपास सहा तास होतात. म्हणजे गेल्या रविवारी दहाला भरती होती म्हणून बेळगावहून या रविवारी तीच वेळ धरून निघालात, तर ओहोटीच भेटणार. नवख्यांनी अष्टमीच्या आसपास जावं, तेव्हा भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ कमी. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण नको.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला आणि समोरून ओहोटीचं पाणी आलं की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. तिकडे फिरकू नका. खारफुटीच्या कडेला ओहोटीत उतरलात तर पाय चिखलात रुततो, वर येतो तो चपलेशिवाय.

आणि लाइफ जॅकेट घालाच. विहिरीत पोहायला शिकलोय, मला कशाला, म्हणणारे आपल्याकडे फार.