थेट नगराध्यक्ष निवडला, मग सभागृह कशासाठी?

उदगीरकर (धाग्याची सुरुवात)

नगराध्यक्ष जनतेतून निवडावा की नगरसेवकांतून, या एकाच प्रश्नावर आपल्या राज्याने गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा भूमिका बदलली आहे. २००१ मध्ये थेट निवडणूक आली, २००६ मध्ये ती गेली, २०१६ मध्ये परतली, २०२० मध्ये पुन्हा रद्द झाली आणि २०२२ पासून पुन्हा लागू आहे. पहिल्या दोन्ही वेळी मुख्यमंत्रिपदी आपल्याच लातूरचे विलासराव देशमुख होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

माझे स्पष्ट मत असे की थेट निवडणुकीने सभागृह दुबळे होते. पाच वर्षांसाठी जनतेचा कौल घेऊन आलेल्या नगराध्यक्षाला नगरसेवकांना समजावून सांगण्याची गरज उरत नाही. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असले, तर विषयपत्रिकेवर काय घ्यायचे यावरच अडवाअडवी चालते. दोन्ही एकाच गटाचे असले, तर चाळीस-पन्नास विषय ‘सर्वानुमते मंजूर’ होऊन अर्ध्या तासात सभा संपते, आणि महत्त्वाचा ठेका बहुधा आयत्या वेळच्या विषयांत निघून जातो. म्हणून नगराध्यक्ष नगरसेवकांनीच निवडावा आणि तो सभागृहाला उत्तरदायी असावा.

गंगाखेडचा व्यापारी

आपण पुस्तकातले सभागृह सांगत आहात. नगरसेवकांतून नगराध्यक्ष निवडला जात असे, तेव्हा मतदानाच्या आधी आठ-दहा दिवस नगरसेवक गावातून गायब व्हायचे आणि थेट मतदानाच्या सकाळी गाडीतून उतरायचे, हे मराठवाड्यातल्या कोणत्या गावाने पाहिलेले नाही? मुदत अडीच वर्षांची असल्यामुळे पहिले वर्ष जुळवाजुळवीत आणि शेवटचे वर्ष पुढच्या दावेदाराला थोपवण्यात जात असे. त्या व्यवस्थेत नगराध्यक्ष उत्तरदायी होता खरा, पण पाच-सहा काठावरच्या नगरसेवकांना, गावाला नव्हे. आज माझ्या दुकानासमोरची नाली तुंबली तर जाब कोणाला विचारायचा, हे मला माहीत आहे, कारण मी स्वतः त्या व्यक्तीला मत दिले किंवा दिले नाही. एवढी गोष्ट तरी थेट निवडणुकीने साधली आहे.

निवृत्त लेखापाल, अंबाजोगाई

दोघांचाही वाद अर्ध्या सत्तेबद्दल आहे. उरलेली अर्धी मुख्याधिकाऱ्याकडे असते आणि त्याची नेमणूक व बदली शासन करते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, त्यामुळे ‘३०८ लावू’ ही धमकी विरोधी गटाच्या हाती कायमच असते. खेरीज १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्या जागी सहायक अनुदान आले. स्वतःच्या उत्पन्नाचे मोठे साधन गेल्यावर घरपट्टी उरली, आणि दर चार वर्षांनी मालमत्तेचे फेरमूल्यांकन करून करवाढ सुचवायची हिंमत कोणत्याही रीतीने निवडून आलेला नगराध्यक्ष करत नाही. ज्याच्या तिजोरीची किल्ली मंत्रालयात आहे, तो कोणी निवडला याला किती महत्त्व द्यायचे?

परंड्याची शिक्षिका

लेखापालांशी मी सहमत नाही. निवडून आलेल्यांना फारसा अधिकार नसतो असे एकदा मान्य केले, की प्रशासकाचे राज्य काय वाईट, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत संपली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे, कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात कागद वेगाने हलले असे अनेक जण सांगतात, आणि ते काही ठिकाणी खरेही असेल. परंतु नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असताना कोणत्या गल्लीला आधी आणि कोणत्या गल्लीला नंतर, हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घेतला, हे विचारायला जागाच नव्हती. पाणीपट्टी मात्र वर्षाची पूर्ण आकारली जात होती. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्यामुळे या प्रश्नाची झळ घरात सोसणाऱ्या बायका सभागृहात असतात. त्यांच्याऐवजी त्यांचे पती बोलतात, हा वेगळा आणि जुना रोग आहे, पण त्यासाठी सभागृहच नको म्हणणे योग्य नाही.

गंगाखेडचा व्यापारी

सभागृह नको असे मी म्हटलेलेच नाही. बाईंना पाण्याच्या पाळीचा जाब हवा आहे आणि मला नालीचा. तो एका माणसाला विचारणे सोपे, की तीस जणांना? लेखापालांच्या मुद्द्यावरही एक सांगतो. अनुदान आणण्यासाठी मुंबईला खेटे घालावेच लागतात, आणि तिथे सगळ्या गावाची मते घेऊन गेलेल्या माणसाचे वजन अधिक पडते.

उदगीरकर

वजन पडते ते पक्षाचे, मतांचे नव्हे. विरोधी पक्षाच्या थेट नगराध्यक्षाला किती खेटे घालावे लागतात, हे आपणही पाहिले असेल. पळवापळवीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे ‘पक्षांतरबंदी कडक करा’ यापलीकडे उत्तर नाही. तरीही मूळ मुद्दा मी सोडत नाही. खेड्यात ग्रामसभा भरते, माणूस उभा राहून सरपंचाला हिशेब विचारतो. तेच खेडे वाढून नगरपंचायत झाले की त्याचा तो हक्क व्यवहारात संपतो. नगरपरिषदेत आपल्या वतीने विचारणारा नगरसेवकच असतो. त्याचे तोंड बंद झाले तर उरतो तो पाच वर्षांतून एकदा दाबायचा बटणाचा अधिकार. तेव्हा निवडणुकीची पद्धत शासन पुन्हा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर सभेची विषयपत्रिका आधी आणि इतिवृत्त नंतर प्रत्येक प्रभागात फलकावर लागावे, एवढी मागणी आपण सर्वांनी मिळून करण्यास कोणाची हरकत आहे का?

निवृत्त लेखापाल, अंबाजोगाई

हरकत नाही. मात्र त्यात मासिक जमाखर्चही जोडावा. इतिवृत्तात सगळे सर्वानुमतेच असते. काय घडले ते जमाखर्चात दिसते.