कराड–पुणे जुन्या हायवेने अॅम्बेसिडर: खंबाटकी, जुना कात्रज आणि चढाला तापणारं इंजिन

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी १९७८ ची अॅम्बेसिडर मार्क ३, १४८९ सीसी पेट्रोल. मे महिन्यात कराडहून पुण्याला जायचं आहे, जमेल तिथे जुना पुणे–बंगळूर रस्ता धरून. येताना सुरूरवरून वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि मेढ्याकडून साताऱ्यात. सपाटीला तापमानाचा काटा मध्यावर असतो, मोठ्या चढाला लालच्या जवळ जातो. मेस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका. काढावा का? आणि जुना रस्ता नक्की कुठे कुठे उरलाय?

वाढेफाटा
सलग जुना रस्ता विसरा. राष्ट्रीय महामार्ग (एनएच) ४ चा २०१० मध्ये एनएच ४८ झाला, पण त्याआधीच चौपदरीकरणात बराचसा जुना रस्ता नव्याच्या पोटात गेला. गावांतून जाणारे तुकडे तेवढे हाती लागतात. साताऱ्यात बायपास सोडून गोडोली–पोवई नाका–वाढे फाटा असं गावातून या. नाक्यावर ग्रेड सेपरेटरमध्ये (चौकाखालच्या भुयारी रस्त्यात) न उतरता वरून गेलात तरच जुन्या रस्त्याची काही ओळख पटते. पुढे पाचवड, भुईंज, सुरूर हायवेनेच.

खंबाटकीची दिशा नीट लक्षात घ्या. जुना घाट पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्यांसाठी आहे, साताऱ्याहून पुण्याकडे जाताना बोगदाच. म्हणजे घाटाची मजा येतानाच, आणि तीही चढ. जाताना बोगद्यातून बाहेर पडलं की (सातारा जिल्ह्यातल्या) खंडाळ्याकडे उतारावर एस वळण आहे, तिथे बरेच अपघात झालेत. बोगद्यातच तिसरा गिअर टाका. नव्या जुळ्या बोगद्यांमुळे वाहतुकीची मांडणी बदलत राहते, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा.

सारोळ्याला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा. पुढे नव्या कात्रज बोगद्याच्या अलीकडे शिंदेवाडीला जुन्या घाटाचा फाटा आहे. या सगळ्या प्रवासात जुन्या मोटाररस्त्याचा खरा अनुभव देणारा तुकडा तोच: अरुंद वळणं, माथ्यावर जुना बोगदा, मग भिलारेवाडीकडून कात्रज. सकाळी लवकर गाठा. वडांची कमान बघायची तर ती येताना सुरूर–वाई रस्त्यावर, जी काही उरली आहे ती.

एसयू_सॉलेक्स
थर्मोस्टॅट काढू नका. गाडी तापलेली असताना तो पूर्ण उघडलेलाच असतो, मग काढून घाटात फायदा काय? उलट सपाटीला इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि आतून झिजतं. शंका असेल तर काढून उकळत्या पाण्यात सोडा. उघडला नाही तर नवा टाका.

सपाटीला ठीक आणि चढाला गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा रेडिएटरच्या नळ्या चोंदल्यात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षार धरतं. इंजिन गरम करून बंद करा, पंख्याला हात लागणार नाही असं बघून रेडिएटरच्या जाळीवरून तळवा फिरवा. मधेच गार पट्टे लागले तर रॉडिंग (नळ्यांतून सळ्या घालून सफाई) करून घ्या, नुसतं फ्लश करून भागणार नाही. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला की साधारण १२ मिमी दबला पाहिजे. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी, प्लगचा ०.६४. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, म्हणून टायमिंग त्यानंतरच लावा. मागे पडलेलं टायमिंगही इंजिन तापवतं, आणि हे बघायचं राहून जातं.

रेडिएटरचं झाकण ७ पौंड दाबाचं असतं. त्याचा रबर वायसर कडक झाला की दाब धरत नाही. पाचगणीच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. चांगलं झाकण त्यात १०–१२ अंशांची भर घालतं. झाकण गेलं की पसरणीत ती भरही गेली.

वाईकर_मोटर
वरचं सगळं बरोबर. पण बऱ्याच गाड्या चढताना नाही, चढून थांबल्यावर बंद पडतात. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, बॉनेटखालची उष्णता वाढते आणि पंप व पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. मेकॅनिकल पंप वाफ ओढू शकत नाही. म्हणून घाटमाथ्यावर थांबलात की दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवा, मग बंद करून बॉनेट उघडा. तरीही चालू होईना तर पंपावर ओलं फडकं ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. कार्ब्युरेटरवर पाणी ओतू नका. पेट्रोल येतंय पण ठिणगी पिवळी, कमजोर आहे, तर दोष कंडेन्सर किंवा कॉइलचा. दोन्ही सुटे जवळ ठेवा, हे भाग गरम झाल्यावरच दगा देतात.

पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्राम त्याने फुगतो, भेगाळतो. नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या. ई२० वर (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, तापण्यात त्याचाही हात असतो; कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा. पांढरट नको, फिकट तपकिरी हवा.

कोयनाकाठ
थर्मोस्टॅट राहू देतो. पण महाबळेश्वरहून केळघर घाट उतरताना चारही ड्रम ब्रेक. काय जपावं? आणि व्हिंटेज नंबर करून घ्यावा का?

एसयू_सॉलेक्स
ब्रेक ऑइल पाणी शोषतं, दोन वर्षांहून जुनं असेल तर उतारावर उकळून पेडल तळाला जातं. पूर्ण बदला, डॉट ३ टाका, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. शूज घासून ड्रमला बसवून घ्या. उतारात ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा, बहुधा दुसऱ्याने. ब्रेक थोडा दाबून सोडा, पाय टेकवून ठेवू नका. वास आला की सपाटी बघून थांबा, पण हँडब्रेक ओढू नका. ड्रम गार होताना आकसतो आणि चाक जाम होतं. चाकाला दगड लावा.

पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारा भाग) नसतो. खंबाटकी चढताना ट्रकच्या बुडाशी चिकटलात तर चालत्या गाडीत पहिला पडणार नाही, म्हणून दहा-पंधरा गाडी-लांबी अंतर ठेवा.

व्हिंटेजची नोंदणी ५० वर्षांपुढच्या गाडीला, म्हणजे तुमची अजून बसत नाही. पुढेही घाई नको, त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुमच्या आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पीयूसी चालू आहे ना, एवढं बघा.