हिऱ्यांचं केपी सर्टिफिकेट: खरंच उपयोग आहे की नुसता कागद?

बीकेसी_लोकल:
भारत डायमंड बोर्समध्ये एका छोट्या फर्मचं इम्पोर्टचं काम बघतो. मागच्या आठवड्यात रफचं, म्हणजे न घासलेल्या हिऱ्यांचं, पार्सल कस्टममध्ये अडकलं, का तर किंबर्ली प्रोसेसच्या (केपी) सर्टिफिकेटवर ४८.६ कॅरेट आणि आमच्याच सप्लायरच्या इनव्हॉइसवर ४६.८, टायपिंगची चूक हो! चार दिवस गेले, तिकडे सुरतेत कारीगर हातावर हात ठेवून. आधीच आयईसी (इम्पोर्ट-एक्स्पोर्ट कोड), जीएसटी, बँकेचं केवायसी, त्यावर हे केपी. आणि तोच हिरा पॉलिश झाला की केपी कुणी विचारत नाही, म्हणजे जाच फक्त रफला. छोट्या पार्सलला सूट द्यायला पाहिजे राव.

जुना_ऑपेराहाउसवाला:
सूट दिलीत की उद्यापासून सगळी पार्सलं छोटीच होतील, आपली माणसं ओळखत नाही का तुम्ही 😄 नव्वदीत आम्ही ऑपेरा हाउसच्या पंचरत्न बिल्डिंगमध्ये बसायचो तेव्हा पुडी उघडली, भिंगाखाली बघितली, भाव ठरला, माल कुठल्या खाणीतला हे कोण विचारतंय. तिकडे सिएरा लिओनमध्ये बंडखोर त्याच मालावर बंदुका घेत होते, गावकऱ्यांचे हात तोडत होते. म्हणून २००३ पासून सीलबंद डबा, सोबत पाठवणाऱ्या देशाचं सर्टिफिकेट, आणि केपीत नसलेल्या देशाशी रफचा धंदाच बंद. आपल्याकडे हिरे-दागिने निर्यातदारांची संस्था जीजेईपीसी हे तपासते. चूक सप्लायरची आणि शिव्या कायद्याला?

मनू_भटक्या:
काका पटलं, पण अर्धंच. केपीच्या व्याख्येत फक्त बंडखोरांचे हिरे 'रक्ताचे'. सरकारी सैनिकांनीच माणसं मारली तर? २००८ मध्ये झिम्बाब्वेत मरांगेच्या हिरे-खाणींवर तेच झालं, तरी तो माल नंतर केपी घेऊनच बाजारात आला. वैतागून ग्लोबल विटनेस २०११ मध्ये केपीतून बाहेर पडली, आणि ही योजना उभी करायला धडपडलेल्यांतलीच ती संस्था.

बीकेसी_लोकल:
मी दुसरं काय म्हणतोय, नुसता कागद!

जुना_ऑपेराहाउसवाला:
भोकं आहेत म्हणून जाळं फेकून देतात का? भोकं बुजवा ना.

सुरतकर_मराठी:
'पॉलिश झाल्यावर कुणी विचारत नाही' हे आता जुनं झालं भाऊ. रशिया केपीचा मेंबर, कागद एकदम ओके, तरी २०२४ पासून जी-७ वाल्यांना रशियन रफमधून घडलेला हिरा चालत नाही, मग तो इथे घासलेला का असेना. मार्चला १ कॅरेटपासून सुरू केलं, सप्टेंबरला अर्ध्या कॅरेटवर आणलं. आमच्याकडे असॉर्ट करताना साइज आणि कलर बघून सगळा माल एकत्र व्हायचा, बोट्सवानाचा कुठला आणि रशियाचा कुठला देवाला ठाऊक. आता मोठ्या मालाची प्रत्येक पुडी वेगळी, वर पेन्सिलने देश आणि इनव्हॉइस नंबर. तेव्हा ते केपी जपून ठेव, आणि ओरिजिनसमोर काय लिहिलंय ते आधी बघ.

बीकेसी_लोकल:
बघितलं. 'मिक्स्ड' लिहिलंय, म्हणजे कुठल्या देशाचा ते कळणारच नाही 🙁 शेठना सांगायला चाललोय.