गादी झटकल्यावर दम दोनदा का लागतो?

बाष्प:
धुळीतल्या माइटची (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची) अ‍ॅलर्जी असलेल्या दमेकऱ्याने सकाळी गादी झटकली. दहा मिनिटांत छाती आवळली, सालबुटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे दोन पफ घेतल्यावर मोकळी झाली. संध्याकाळी धूळ नसतानाही पुन्हा दम, आणि आता तेच पफ अर्धवटच लागू पडतात. मधल्या वेळात कोणत्या पेशी काय करत असतात?

पांढरपेशी:
या दोन वेगळ्या प्रतिक्रिया आहेत.

पहिली मास्ट पेशींची, म्हणजे श्वासनलिकेच्या अस्तरात बसलेल्या बचाव पेशींची. त्यांच्या अंगावर माइटविरुद्धचं आयजीई हे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड आधीच चिकटलेलं असतं. माइटच्या विष्ठेतलं डर-पी-१ हे प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम अडकलं की पेशीतले दाणे बाहेर पडतात. हिस्टामिन हे रसायन त्यात तयारच असतं, ल्युकोट्रिन हे दुसरं काही मिनिटांत बनतं. त्यांनी श्वासनलिकेचा स्नायू आकसतो. सालबुटामॉल तोच स्नायू सैल करतं, म्हणून लगेच फरक.

दुसरी ३-४ तासांनी सुरू होते आणि बहुधा ६ ते १२ तासांत शिगेला पोचते. डर-पी-१ हे प्रथिनं कापणारं एन्झाइमही आहे. ते अस्तराच्या पेशींमधले सांधे उसवतं. दुखावलेलं अस्तर टीएसएलपी आणि आयएल-३३ हे धोक्याचे रासायनिक संदेश सोडतं, त्यावर टीएच-२ आणि आयएलसी-२ या बचाव पेशी आयएल-५ व आयएल-१३ हे पुढचे संदेश काढतात. आयएल-५मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि जास्त जगतात, इओटॅक्सिन हा आणखी एक संदेश त्यांना रक्तातून श्वासनलिकेत ओढतं. आयएल-१३मुळे चिकट कफ. आता स्नायूबरोबर सूज आणि कफही आहे, तिथे पफ एकटा काय करणार?

ही दुसरी लाट इनहेलरमधलं स्टेरॉइड दाबतं. आधी घेतलेला एक डोसही तिला कमी करतो. पहिलीवर मात्र एका डोसाने काही होत नाही, त्याला नियमित वापर लागतो. आणि लाट ओसरली तरी नळ्या पुढे काही दिवस चिडक्या राहतात. मग फोडणीचा ठसकाही पुरतो.

पफचा आराम चार तासही टिकत नसेल किंवा वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर थेट दवाखाना.

बाष्प:
मग सेट्रिझिन, ही हिस्टामिन अडवणारी गोळी? आणि एईसी (रक्तातल्या इओसिनोफिलचा आकडा) ६२० आला तर कारण हेच धरायचं का?

सूक्ष्मदर्शक:
सेट्रिझिन शिंका आणि वाहत्या नाकासाठी. नळ्या आवळण्यात ल्युकोट्रिनचा वाटा मोठा, त्याला ते हात लावत नाही.

एईसीवरून एवढं धरू नका, जंतांनीही तो वाढतो. टक्केवारी तर फसवीच: एकूण पांढऱ्या पेशी ६,००० असतील तर ५ टक्के इओसिनोफिल म्हणजे ३००, १४,००० असतील तर ७००. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीने आकडा काही तासांत कोसळतो, म्हणून रक्त पहिल्या गोळीआधी द्या. आकडा ३,०००च्या वर, रात्रीचा खोकला आणि माणूस विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यातला, तर आधी फायलेरियाची (हत्तीरोगाच्या जंताची) तपासणी. त्या आजाराचं औषध डीईसी, इनहेलर नव्हे.

पांढरपेशी:
गादीबद्दल राहिलंच. कडक उन्हात माइट मरतात, विष्ठा तिथेच राहते, आणि झटकली की नाकासमोर उडते. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा, गादीला चेनचं घट्ट विणीचं कव्हर घाला. झटकायचीच तर दुसऱ्या कुणीतरी, घराबाहेर. हे कण जड असतात, अर्ध्या तासात बरेचसे खाली बसतात. तोवर दमेकऱ्याने तिकडे फिरकू नये.