प्रतिसाद: डोंगरात धावताना गट हवाच

"डोंगरात एकट्यानेच पळावं, घोळका नको" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवर ठीक आहे. पण पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर धुकं उतरलं की पुढची वाट दिसत नाही. शेवाळलेल्या कातळावर पाय मुरगळला तर हाक ऐकायला माणूस लागतो. म्हणून आमच्या धावण्याच्या गटात सगळ्यात मागे एक जुना धावक असतो, नवख्याला कुणी सोडून जात नाही.

आणि गट म्हणजे फक्त आपण शहरातले नव्हे! या पायवाटा गुराख्यांच्या, पाड्यांवरच्या लोकांच्या आहेत. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. तिथल्या मुलामुलींना रविवारच्या सरावाला बोलवूया, बुटांसाठी वर्गणी काढू.